तांबसाळीची ओळ

सुदामने कात्री रोगाच्या पाण्यात बुडवली आणि पुढच्या ओळीपाशी येऊन तो थबकला. ही ओळ त्याच्या आईची होती.

बदलापूरबाहेरच्या त्या भातसंशोधनाच्या शेतावर सुदामचं कामच उफराटं होतं. सगळी दुनिया पिकाला रोगापासून जपते आणि हा गडी पगार घेऊन धडधाकट रोपांना करप्याची लागण करायचा. करप्याचे जंतू कालवलेल्या पाण्यात कात्री बुडवायची आणि पानांचे शेंडे कापायचे. पंधरवड्याने शेतावरचे शास्त्रज्ञ देवस्थळीसाहेब येऊन बघत. कच्च्या जातीचं पान पार खालपर्यंत वाळलेलं असे. अंगचीच ताकद असलेल्या जातीत करपा थोडा उतरून थांबे. अशी जात पुढच्या संकरासाठी राखायची, बाकीच्या बाद.

मांजर्लीला नदीकाठच्या शेतात त्याची आई जनाबाई तांबसाळ नावाचं लाल भात लावायची. एका मोठ्या पुरानंतर सगळ्यांचं भात करपलं, पण तांबसाळ उभी राहिली, असं ती येईल त्याला सांगे. म्हातारीचं कौतुक म्हणून लोक ऐकून सोडून देत. पुढे भावकीने शेत विकलं, मुरुमाचा भराव पडला, वर इमारत आली आणि तिच्यातच एक खोली यांच्या वाट्याला आली. उरलं ते मडक्यातलं ओंजळभर बियाणं. साहेबांच्या मागे लागून सुदामने तेवढं सगळं इथे पेरलं होतं. ओळ बाद झाली की तांबसाळ संपलीच.

"बिनधास कात्री लाव," जनाबाई सकाळी म्हणाली होती. "तिला काय व्हनार नाय."

पण सुदामने भल्या भल्या जुन्या जाती आपल्याच हाताने करपवल्या होत्या. त्याचा धीर होईना. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कात्री पाटाच्या पाण्यात खळखळून धुतली आणि मगच आईच्या ओळीचे शेंडे कापले.

पंधरवड्याने साहेब त्या ओळीपाशी बराच वेळ वाकून उभे राहिले.

"सुदाम, पान फारच स्वच्छ आहे," ते म्हणाले. "ताकदीच्या जातीलाही करपा थोडा लागतोच, लागून थांबतो. इथे तो शिरलेलाच नाही. आपली लागण फसली."

पीक निसवायला लागलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या; पुन्हा लागण करायची वेळ गेली होती. तेव्हा आता बियाणं धरायचं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बघायचं, असं ठरलं. घरी येऊन सुदामने आईला एवढंच सांगितलं, की साहेबांना अजून एक वर्ष बघायचंय.

"म्हंजे तिला जोर नाय," ती म्हणाली. "मी उगाच सांगत व्हते सगल्यांना."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण खरं सांगावं, तर पोराने आपल्या भातावर भरवसा ठेवला नाही, हे तिला कळणार. सुदामची जीभ उचलली नाही. त्यानंतर जनाबाईने पुराची गोष्ट कुणालाही सांगितली नाही. थंडीत तिला खोकल्याने धरलं आणि शिमग्याच्या आधी ती गेली.

पुढच्या पावसाळ्यात सुदामने कात्री मुठीपर्यंत बुडवली. दर शेंड्याला पुन्हा बुडवली.

पंधरवडा भरला तेव्हा साहेबांच्या आधी तो एकटाच ओळीपाशी गेला. करपा बोटाच्या पेराएवढा उतरून अडला होता. त्याखालचं पान हिरवंगार होतं. साहेब खूश झाले, असं पान मुद्दाम शोधून मिळत नाही म्हणाले. सुदाम मान हलवत राहिला. साहेब पुढे गेल्यावर त्याने त्यातलं एक पान खुडून खिशात ठेवलं. आई खरं बोलत होती आणि तिला खोटं पाडणारा तो स्वतःच होता.

संध्याकाळी तो इमारतीच्या पायरीवर, आई बसायची तिथे बसला. वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या कौसाबाई भाजी घेऊन येत होत्या. त्याने त्यांना थांबवलं.

"इथं आमचा शेत व्हता," तो म्हणाला. "पूर उतरला नि सगल्यांचा भात करपला. आमचे आयची तांबसाल उभी ऱ्हायली."

कौसाबाईंनी हसून मान डोलावली, "असं का?" म्हणाल्या आणि पिशवी सावरत जिना चढून गेल्या. खिशातलं पान सुदामने बाहेर काढलंच नाही.