काच फेकायची नाही

मोठ्या सिस्टर आजी होऊन आमच्या वॉर्डात आल्या, तेव्हाच मी मनात म्हटलं, आज आपली धडगत नाही. नोकरीत होत्या तोवर त्यांनी आम्हा नर्सना सळो की पळो करून सोडलं होतं. मला तर सगळ्यांदेखत 'वेंधळी' म्हणायच्या. आता निवृत्त झाल्या, पण नजर तीच. त्यांची लेक सुखरूप बाळंत झाली, गोड नात झाली. तरी बाईंनी आधी पाहिलं काय, तर खाटेखालची धूळ!

ट्रॉलीवर मी दोन सिरिंज भरून ठेवल्या होत्या. एक बाळासाठी, व्हिटॅमिन के. नवजात बाळाचं रक्त नीट गोठत नाही, आतल्या आत, अगदी मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ते मांडीत द्यायचं. दुसरी आईसाठी. तिला रक्त जरा जास्त जात होतं, म्हणून गर्भाशय आवळणारं औषध हाताशी ठेवलं होतं. ते चुकून बाळाला गेलं, तर त्याचा श्वासच बंद पडायचा. म्हणून दोन्हींचे ट्रे वेगळे, आणि प्रत्येक सिरिंजला तिची रिकामी कुपी चिकटपट्टीने बांधलेली. औषध अंगात जाईपर्यंत काच फेकायची नाही, हा आमच्याकडचा नियम. तो घालून दिला मोठ्या सिस्टरांनीच. एकदा मी कुपी घाईने टाकली, तर त्यांनी हातावर असा फटका मारला की बोटं झणझणली.

तेवढ्यात लेक म्हणाली, "सिस्टर, गरगरतंय हो."

मी तिची नाडी पाहिली, बीपी घेतलं, पोट दाबून पाहिलं. सगळं ठीक होतं, रक्त जाणंही कमी झालं होतं. हुश्श करून वळले, तर ट्रॉली चकाचक! एकच ट्रे, त्यात दोन सिरिंज शेजारी शेजारी, आणि कुप्या गायब.

"काचा कुठायत?"

"टाकल्या त्या डब्यात," आजीबाई म्हणाल्या. "फुटकी काच बाळाजवळ ठेवतात का कुणी? लागली असती माझ्या सोन्याला."

वापरलेल्या सुया-काचांचा तो डबा उघडायचा नसतोच. आणि उघडून तरी काय, कुठली कुपी कुठल्या सिरिंजची हे कोण सांगणार?

"अगं, ही डावीकडची बाळाची," त्या म्हणाल्या. "जराशी पिवळसर दिसतेय बघ. चल, दे पटकन."

खरं सांगते, मलाही ती पिवळसरच वाटली. आणि मोठ्या सिस्टरांपुढे 'नाही' म्हणायची छाती आजवर कुणाची झाली होती? पण दुपट्यातून बाहेर आलेली ती मांडी माझ्या दोन बोटांएवढी. माझं डोकंच सणकलं.

"रंगावरून औषध ओळखायचं नाही, हे मला कुणी शिकवलं?" मी दोन्ही सिरिंज उचलल्या आणि त्यांच्यादेखत टाकून दिल्या. "दुसरं भरते."

"माझी चाळीस वर्षं गेली या कामात!"

"आई, आज तू आजी आहेस," खाटेवरून लेक म्हणाली. "गप्प बस."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. चेहरा पांढराफटक. काय होऊन बसलं असतं, ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी हळूच उजवा हात माझ्यापुढे धरला, तळवा वर करून. "मार," म्हणाल्या. "मी मारला होता ना तुला."

रागावलेली मी, पण भरून आलं. मी नवी कुपी आणली, तीच त्या तळव्यावर ठेवली. "मोठ्याने वाचा."

चष्मा चढवून त्यांनी औषधाचं नाव वाचलं, मात्रा वाचली, तारीख वाचली. एक अक्षर गाळलं नाही. मी औषध भरलं, रिकामी कुपी परत त्यांच्याकडे दिली. बाळाच्या पायातल्या पट्टीवरचं आईचं नाव ताडून पाहिलं, मांडीची बाहेरची बाजू पुसली, सुई घातली आणि काढलीसुद्धा. पोरीने असा काही टाहो फोडला की अख्खा वॉर्ड जागा झाला. लेक रडता रडता हसायला लागली. मला त्या रडण्याने इतकं बरं वाटलं की मीही हसले.

बाळ आईच्या कुशीत शांत झालं. आजी मात्र स्टुलावर मूठ मिटून बसलेल्याच.

"सिस्टर," त्यांनी मला विचारलं, आयुष्यात पहिल्यांदाच वेंधळी न म्हणता, "आता टाकू का काच?"