कंदीलवाल्याचा तिसरा भाग

"दाब."

"दाबतोय की."

"काय दाबतोयस? चेंडूला गुदगुल्यासुद्धा होत नाहीयेत."

दादाने रबरी चेंडू सोडून दिला. तो गडगडत खाटेखाली गेला आणि भिंतीला टेकून थांबला. आता बहिणीला वाकावं लागणार होतं. सकाळच्या पाळीत रुग्णालयाच्या धुलाईघरात ओल्या चादरी उपसून तिची कंबर आधीच कुरकुरत होती. तिने चेंडूकडे नुसतं पाहिलं आणि खुर्चीत बसकण मारली.

"राहू दे त्याला तिकडेच," दादा म्हणाला. "दमला असेल बिचारा."

अर्धांगाचा झटका आल्यापासून दादाची जीभ जड झाली होती, टोमणे मात्र होते तेवढेच हलके राहिले होते. पाय हळूहळू धरू लागला होता. हातात जीव परतत होता. खांद्यातून कोपरात, कोपरातून मनगटात उतरला आणि अंगठ्याशी येऊन अडून बसला. दादा कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर. कापडातून त्याची कात्री अशी जायची, जसा पाण्यातून मासा. पण कात्रीच्या कडीत अंगठा घालावा लागतो, आणि तोच ऐकत नव्हता. सुपरवायझरचा निरोप आला होता: सोमवारी या, कात्री चालवून दाखवा, टेबल तुमचंच आहे. नाही जमलं तर दुसरा माणूस दारात उभा आहे.

अंगठा येईल, व्यायामाच्या बाई म्हणाल्या होत्या, पण कंटाळा करायचा नाही. कंटाळा तर या घरात पाहुणा म्हणून आला आणि घरधनी होऊन बसला होता.

वहिनी कँटीनच्या कामावरून दिवेलागणीला यायची. तोवर दादा बहिणीच्या ताब्यात.

चेंडू नको तर नको. तिने खोलीभर नजर फिरवली आणि टीव्हीचा रिमोट उचलला. दादाच्या उजव्या मुठीत ठेवला, बोटं एकेक करून वळवली, अंगठा एका बटणावर नेऊन टेकवला. मग खुर्ची ओढली आणि बंद टीव्हीला पाठ करून त्याच्यासमोर बसली.

"हे काय आता?"

"कंदीलवाला. भाग तिसरा."

"अगं ए टीव्ही," तो म्हणाला, "वेड लागलं का तुला?"

या नावाने त्याने तिला कित्येक वर्षांत हाक मारली नव्हती.

ती टीव्ही झाली तेव्हा फ्रॉक घालत होती. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत दुकानवाल्या काकांनी दोन टीव्ही मांडले होते. तिथे पोरं कंदीलवाला नावाचा व्हिडिओ गेम खेळायची. हातात कंदील घेतलेला बुटका माणूस भुयारातून चालायचा, खड्डे ओलांडायचा, वटवाघळं चुकवायचा. दुसऱ्या भागाच्या शेवटी तो एका बंद दारापाशी पोचला, दाराखाली उजेडाची रेघ दिसली, आणि खेळ संपला. तिसरा भाग येणार म्हणून भिंतीवर चित्र लागलं. खाली लिहिलेलं: लवकरच.

ते लवकर काही लवकर येईना. शाळेतून परतताना दोघं रोज डोकावायची.

"काका, आला?"

"बोटीत बसलाय."

"बोट कुठवर आलीये?"

"तुझं नाक पुसून झालं की लागते बघ किनाऱ्याला."

नाकं पुसून झाली, इयत्ता बदलली, दादाला मिसरूड फुटायला लागलं, बोट लागेना. शेवटी त्याचं तोंड बघवेना म्हणून काकांनी वायर तुटलेला एक कंट्रोलर त्याला देऊन टाकला. घरी टीव्ही नव्हता. म्हणून ती टीव्ही झाली. भिंतीला पाठ लावून बसायची. दादा समोर बटणं दाबायचा, आणि भुयारात काय घडतंय ते ती सांगायची. सांगता सांगता गायला लागायची:

चालला गं चालला, कंदीलवाला चालला,
वात त्याची इवली, अंधार केवढाला!

खड्डा आला की तिचा आवाज चढायचा. बटण वेळेवर टक वाजलं तर उडी, नाहीतर कंदीलवाला खाली. नियम एकच, दादाने घातलेला: टीव्हीने कुणाची बाजू घ्यायची नाही. एकदा दया येऊन तिने त्याला वाचवलं, तर दादा दिवसभर बोलला नाही. "खोटा टीव्ही काय चाटायचाय?" म्हणाला. त्या बंद दाराआड मग दोघांनी काय काय पाहिलं! तळ्यात बुडालेलं गाव, माणसाएवढ्या मुंग्या, चांदण्या निवडत बसलेली म्हातारी.

बोट किनाऱ्याला लागली तोवर दादा कामाला लागला होता. वडिलांची नजर गेली, कारखाना सुटला, आणि पुस्तकं बांधून ठेवून दादा त्यांच्या जागी कटिंगच्या टेबलाशी चिंध्या उचलायला उभा राहिला. ती एकटीच दुकानात गेली. दारात टाचा उंचावून पोरांच्या डोक्यांवरून तिने सगळा खेळ पाहिला. संध्याकाळी दादा आला, केसांत कापडाचे तंतू. ती धावत पुढे गेली.

"दादा, आला! सांगू?"

"तू पाहिलास ना?" हात धूत तो म्हणाला. "झालं मग."

त्याने कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

"चालला गं चालला..." आता तिने सुरुवात केली. धुलाईघराच्या वाफेने गळा बसलेला, सूर जागेवर नव्हता. "कंदीलवाला वळणावर आलाय. पुढे खड्डा. दादा, खड्डा!"

दादाच्या कपाळावर शीर उभी राहिली. ओठ आवळले गेले. अंगठा जिथे टेकवला होता तिथेच होता.

"उडाला!" ती म्हणाली. "आला पलीकडे. आता पाणी लागलं..."

"थांब. टक वाजलं नाही."

"मला आलं ऐकू."

"कान धुलाईघरात विसरलीस का? पडला तो."

"अरे दादा, आता काय त्याचं..."

"व्यायामाच्या बाई वा वा म्हणतात. तुझी वहिनी म्हणते, हलला, हलला. शेजारी म्हणतात, चेहरा काय छान दिसतोय. सगळे मला उचलून पलीकडे ठेवतायत." त्याला दम लागला. "सोमवारी कात्री वा वा म्हणणार आहे का? पडला तर पडला म्हणणारं एक जण तरी राहू दे मला."

तिने पदराने तोंड पुसलं. ओली चादर पाण्यातून वर काढावी तसा तो शब्द तिला ओढून काढावा लागला.

"पडला."

"हां. चल, पहिल्यापासून."

पुन्हा वळण, पुन्हा खड्डा. पडला. पुन्हा पडला. म्हणता म्हणता तिच्या आवाजातला काटा बोथट झाला. दादाच्या मानेवर घाम आला, तरी तो थांब म्हणेना.

मध्येच श्वास घेत त्याने विचारलं, "खऱ्या खेळात दाराआड काय होतं गं?"

म्हातारी होती, असं सांगणं तिच्या ओठांवर आलं होतं.

"काही नाही रे. आणखी एक भुयार. पहिल्यासारखंच. भिंती तेवढ्या हिरव्या."

"बस्स?"

"बस्स."

"मुंग्या?"

"एकही नाही."

दादा हसला. वाकड्या ओठाची बाजूही किंचित हलली. "आणि हे तू इतकी वर्षं पोटात ठेवलंस?"

"तू विचारलंस कधी?"

"म्हणजे आपलाच बरा होता की."

"आपला कितीतरी बरा होता," ती म्हणाली, आणि पुन्हा गाऊ लागली. खिडकीतला उजेड जमिनीवर उतरला, मग तिथूनही निघून गेला. कंदीलवाला चालत होता. तिचे शब्द लांबत गेले, एकमेकांवर रेलू लागले. चालला गं... इवली गं... मान कलली आणि वळणावर पोचण्याआधीच भुयार गप्प झालं.

दादाने वाट पाहिली. हाक मारली नाही.

कुलपात किल्ली वाजली. वहिनी पिशवी सांभाळत आत आली. "अहो, अंधारात काय बसलाय दोघं?"

दादाने डावा तळहात उचलला. वहिनीला खुर्चीत मुटकुळं करून झोपलेली नणंद दिसली. तिने दिव्याच्या बटणाकडे नेलेला हात मागे घेतला, पिशवी आवाज न करता खाली ठेवली आणि दाराशीच टेकली.

दादा पुन्हा आपल्या मुठीकडे वळला. मान खाली घालून, टक ऐकायला कान देऊन बसला.

"पडला," तो हळूच म्हणाला.

त्याने पुन्हा जोर लावला; झोपलेल्या बहिणीच्या श्वासाखेरीज काही वाजलं नाही.

"पडला."