मल्लेशचं कुलूप

चारला वीज सुरू करायची असं ठरलं होतं. चार वाजून दहा मिनिटं झाली, तरी मुख्य स्विचवर एक कुलूप लटकतच होतं. सहापैकी पाच कुलपं ज्याची त्यानं काढून नेली होती. राहिलेल्या सहाव्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं, मल्लेश. आणि खुद्द मल्लेशचा कुठं पत्ता नव्हता.

उचगावच्या या केंद्रावर आजची पाळी रूपालीकडं होती. केंद्राचं काम सांगायला सोपं आहे. थेट नृसिंहवाडीपर्यंत नदीकाठी पाण्याची उंची मोजणारी यंत्रं बसवलीत. ती आकडा वर उपग्रहाकडं पाठवतात, इथली मोठी तबकडी तो खाली घेते आणि तिथनं तो पूर नियंत्रण कक्षाला जातो. आकडा चढला की नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं हलवायची. असलं केंद्र ऐन जुलैत बंद करायला कोण धजावतंय? पण बॅटऱ्या फुगल्या होत्या, आज ना उद्या पेटल्या असत्या. म्हणून पावसानं जरा उघडीप दिल्याबरोबर बारा ते चार अशी मुदत मिळाली. तोवर दुसऱ्या गावच्या केंद्रानं आकडे सांभाळायचे. चारनंतर त्यांची त्यांना कामं होती, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

बंद करताना सगळं अगदी शिस्तीत झालं होतं. तबकडी आभाळाकडं तोंड करून थांबवली, मग कॉम्प्युटर बंद, मग एसी, मग बॅटऱ्या, शेवटी मेन स्विच. त्यावर काम करणाऱ्या सहाही जणांनी आपापलं कुलूप घातलं आणि किल्ल्या आपापल्या खिशात टाकल्या. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. कारण मेन चढवला की तबकडीच्या मोटरी आधी जाग्या होतात आणि ते एवढं मोठं धूड आपसूक खाली वळतं. त्या वेळी तबकडीमागच्या खोलीत किंवा शिडीवर कुणी असला, तर त्याचं काय होईल हे सांगायला नको.

मल्लेशचं काम त्या खोलीतच होतं.

"गणपतराव, मल्लेश बाहेर गेला काय?" रूपालीनं फाटकावरच्या वॉचमनला विचारलं.

"माझ्यासमोरनं तरी न्हाय गेला. मी मधी च्या प्यायला गेलतो, पाच-धा मिंटं."

"वहीत नोंद?"

"न्हाय की."

मल्लेशचा फोन बंद. बॅटरीची खोली बघितली, जनरेटरची शेड बघितली, बाथरूमची दारं वाजवली, टाकीमागं जाऊन बघितलं. मग तिनं त्याच्या घरी फोन लावला. बायकोनं, दानेश्वरीनं उचलला.

"घरी? न्हाईत की अक्का. ड्यूटीवरच न्हवं का? का वो, काय झालं?"

"काय न्हाय, सहज," असं म्हणून रूपालीनं फोन ठेवला. आपल्याच आवाजाची तिला लाज वाटली.

ठेवतेय तोवर धैर्यशील साहेबांचा आला. हे केंद्राचे प्रमुख, आज नियंत्रण कक्षात बसलेले. "रूपाली, वरच्या धरणाचं दरवाजं उघडल्यात. हितं सगळी माझ्या तोंडाकडं बघाय लागल्यात. आकडं कुठं हाईत?"

तिनं कुलपाचं सांगितलं.

"काप ते."

"सर, तो वर असला तर?"

"साडेचार वाजत आले. वर बसून काय करतोय तो? गेला असंल कुठंतरी, किल्ली खिशात घालून. ह्या पोरांचं हेच असतंय. काप, जबाबदारी माझी."

"मग लिहून द्या, सर."

"लिहायला येळ हाय का? नदीकाठची माणसं घरात बसल्यात, रूपाली. अंधार पडायच्या आत त्यास्नी काढायचं का न्हाई?"

तेही खोटं नव्हतं, आणि तिथंच तिचं घोडं पेंड खात होतं. कुणी नुसती दमदाटी केली असती, तर मंगळवार पेठेतल्या या बाईनं त्याला फोनवरच सरळ केला असता. पण डोळ्यांपुढं पाण्यात चाललेल्या गल्ल्या दिसायला लागल्या की माणूस कुणाशी भांडणार?

ती तबकडीखाली गेली. चाळीस फुटांची लोखंडी शिडी, सकाळच्या सरीनं अजून ओली. पट्टा बांधून चढायचं-उतरायचं म्हणजे वीस मिनिटं. तिनं तोंडाशी हात धरून हाक मारली. "मल्लेश!" एकदा, दोनदा, तीनदा. वरनं काही आलं नाही.

तिनं परत येऊन ग्राइंडर मागवला. कुलूप स्वतःच्या हातानं कापलं, दुसऱ्या कुणाला सांगायचा धीर झाला नाही. मेन चढवला. बाहेर मोटरी घुमल्या आणि तबकडी हळूहळू वळायला लागली. त्या दोन मिनिटांत रूपालीनं श्वास घेतला असेल की नाही, देव जाणे. किंकाळी आली नाही. तबकडी जागेवर येऊन थांबली. पावणेपाचला आकडे सुरू झाले. नृसिंहवाडीचं पाणी चांगलंच चढलं होतं, आणि कक्षातनं लगेच गावांना फोन गेले. साहेब म्हणाले, "शाब्बास."

पाच वाजता जुन्या बॅटऱ्या टाकायला गेलेला टेम्पो परत आला आणि त्यातनं मल्लेश उतरला. ड्रायव्हर एकटा पडला म्हणून त्याच्यासंगं गेला होता, कुलूप काढायचं ध्यानातनं गेलं आणि मोबाइलची बॅटरी वाटेतच संपली. रूपालीचा जीव भांड्यात पडला. मग सगळ्यांनी मिळून त्याला असा झापला की विचारू नका. तो बिचारा कान धरून उभा. "चुकलं मॅडम. माझंच चुकलं."

तेवढ्यात फाटकातनं स्कूटी आत आली. दानेश्वरी. मघाचा तो फोन आल्यापासून तिचं घरात लक्ष लागेना. नवऱ्याला धडधाकट बघून तिनं गाडी तशीच सोडली आणि पायरीवर बसकण मारली. गणपतरावांनी पाणी दिलं. ते न पिताच तिनं खाली वळलेल्या तबकडीकडं बघितलं, मग रूपालीकडं.

"अक्का, करंट कवा सोडलासा?"

"पावणेपाचला."

"आन् मला फोन त्याच्या आधी केलासा. म्हंजे ह्ये कुठं हाईत तुम्हास्नी ठावं न्हवतं."

"आम्ही सगळीकडं शोधलं गं. टाकीमागं, शेडमधी, सगळीकडं."

"गप की गं, वाचलो न्हवं?" मल्लेश बायकोला दटावत होता. पण दटावता दटावता त्याची मान शिडीकडं वळली.

"वर चढून बघितलासा, मॅडम?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं विचारलं.

"खालनं हाक मारली. तीनदा."

"त्या खोलीत बसलं की खालची हाक ऐकू येत न्हाय, मॅडम. तुम्हास्नी ठावं हाय की."

रूपालीला ठाऊक होतं. हाक मारतानाही ठाऊक होतं.