नानांच्या खडसावणाऱ्या नायिका

घशाच्या ऑपरेशनमध्ये गोपाळकृष्ण नानांचा आवाज गेला, पण व्याख्यानाची हौस काही गेली नाही. फूलबागेजवळच्या हॉलमध्ये ग्वाल्हेरच्या मराठी मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला, तेव्हा गळ्यातल्या पाटीवर त्यांनी खडूनं लिहिलं, ‘भाषण मी लिहीन. सीमा वाचेल.’ सीमा म्हणजे त्यांची लेक सीमंतिनी. तिला विचारायची पद्धत त्या घरात नव्हतीच कधी.

विषय काय, तर जुन्या साहित्यातल्या खडसावणाऱ्या नायिका! भर दरबारात राजाला तोंडावर खोटारडा म्हणणाऱ्या, नवऱ्याला जाब विचारणाऱ्या त्या बायकांवर नानांचा भारी जीव. कॉलेजात शिकवताना त्यांचे डोळे भरून यायचे म्हणे. घरात मात्र कुणी ब्र काढायची सोय नव्हती. आता काय म्हणावं या माणसाला!

सीमंतिनीला इंदूरला दिली होती. नवरा मारायचा. एकदा ती सुजलेल्या तोंडानं, ट्रंक घेऊन, सरळ ग्वाल्हेरला निघून आली. येतेय म्हणून कळवलं होतं, तेव्हा नाना स्टेशनवर हजर. तिला वाटलं, न्यायला आलेत. नानांनी ट्रंक उचलली ती थेट परतीच्या गाडीत नेऊन ठेवली. ‘‘लोक काय म्हणतील?’’ एवढंच बोलले. पुढे नवरा वारला, तेव्हा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. मार खाल्लेली लेक चालत नव्हती, विधवा लेक चालली! तेव्हापासून ती त्यांचं पथ्यपाणी बघत होती आणि वाट बघत होती. एकदा तरी बाप म्हणेल, चुकलो गं. बस, तेवढंच हवं होतं तिला.

सत्काराला हॉल भरला. पहिल्या रांगेत शाल पांघरून नाना बसले. सीमंतिनी खणखणीत आवाजात वाचत गेली. शेवटच्या पानावर वाक्य आलं, ‘अशा वेळी जो लेकीच्या पाठीशी उभा राहत नाही, तो बाप म्हणवून घ्यायला लायक नाही.’

ती वाचायची थांबली. हे यांनी लिहिलं? यांनी?

तिनं कागद खाली ठेवले आणि नानांकडे रोखून बघितलं.

‘‘मग तुम्ही कोण?’’ ती म्हणाली. ‘‘मी तुमच्याकडेच आले होते ना? दारापर्यंतसुद्धा येऊ दिलं नाहीत. माझं तोंड सुजलेलं बघितलंत आणि मान फिरवलीत. परक्यांच्या लेकींसाठी रडलात, माझ्यासाठी डोळा ओला झाला नाही तुमचा. माझा जीव गेला असता तर काय म्हणाले असते हो तुमचे लोक?’’

आणि मग टाळ्या! थांबायचं नाव नाही.

‘‘क्या बात है, सीमाताई!’’ मंडळाचे अध्यक्ष महिपतराव माइक ओढून घेत म्हणाले. ‘‘काय जिवंत सादर केलात हो उतारा! नाटकात पाहिजे होतात तुम्ही!’’

गुच्छ घेतला आणि नानांना धरून ती रिक्षात बसली.

पडावला, स्टेशनसमोर, नेहमीसारखा जाम लागला होता. नानांनी पाटी तिच्यापुढे धरली. ‘वाचन उत्तम. शेवटचा उतारा माझ्या लेखात नव्हता. कुठल्या नाटकातला?’

सीमंतिनी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. आव नव्हता, सोंग नव्हतं. म्हातारा खरंच विचारत होता.

‘‘नाटकातला नाही, नाना,’’ ती म्हणाली. तिनं स्टेशनकडे बोट केलं. ‘‘इथला आहे. मी इंदूरहून पळून आले होते आणि तुम्ही माझी ट्रंक परत गाडीत ठेवलीत, तेव्हाचा.’’

नानांनी स्टेशनकडे बघितलं, कपाळाला आठ्या घालून बराच वेळ विचार केला. मग शालीच्या टोकानं पाटी पुसली आणि नीट, वळणदार अक्षरात लिहिलं, ‘कुठली ट्रंक?’