समुद्राची राखण

गहिनीनाथांच्या हॉलमधल्या समुद्रात आता दोनच मासे उरले होते, आणि ते दोघं जगलेच पाहिजेत असं गहिनीनाथांनी ठरवून टाकलं होतं. एकदा ठरवलं की मागं हटायचं नाही, हा त्यांचा जुना खाक्या. ऊस ठिबकवर न्यायचं ठरवलं तेव्हा गाव नुसतं हसलं होतं. बंगल्याच्या हॉलमध्ये समुद्र आणायचं ठरवलं तेव्हा हसून हसून गावाचं पोट दुखलं. जिथून समुद्र गाठायला अख्खा दिवस मोडतो, त्या श्रीगोंद्याच्या उसाच्या पट्ट्यात हा साठीचा गडी काचेच्या टाकीत मीठ कालवून बसला होता!

खूळ डोक्यात शिरलं ते मालवणला. शेतकऱ्यांची सहल निघाली होती आंबा-काजूच्या बागा बघायला. बागा बघून झाल्यावर कुणीतरी होडीत बसवलं, तोंडाला काच बांधली आणि म्हणालं, घाला डोकं पाण्यात. गहिनीनाथांनी घातलं, आणि मग बाहेर काढायलाच तयार होईनात. पाण्याखाली बाग होती! जांभळी, हिरवी, केशरी, आणि तिच्यात मासे पाखरांसारखे हिंडत होते. घरी आल्यावर रतनबाईंना सांगायला बसले, तर एरवी ग्रामसभा गाजवणाऱ्या माणसाला शब्द सापडेना. ‘लई भारी हुतं’ एवढंच पाच-सहा वेळा म्हणाले.

‘‘आसंल की,’’ रतनबाई म्हणाल्या आणि शेंगा फोडत राहिल्या.

रतनबाईंना गाडी लागते. दौंडपर्यंत जायचं म्हटलं तरी लिंबू हुंगत, डोळे मिटून, पिशवी हातात धरून. मालवणचं नावच नको. तेव्हा गहिनीनाथांनी मनाशी पक्कं केलं की हिला समुद्राकडं नेता येत नाही, तर समुद्र हिच्याकडं आणायचा. बायकोनं एकदा, फक्त एकदा, हातातलं काम टाकून त्या काचेसमोर बसावं आणि बघावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता. अर्थात हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रतनबाईंना तर नाहीच नाही.

मुलगा सुनील पुण्यात नोकरीला. त्याचा मित्र पार्थ याचं तिथं मत्स्यालयाचं दुकान. पार्थनं टाकी आणून बसवली, मशीननं गाळलेल्या पाण्यात समुद्री मीठ मिसळलं, वाळू पसरली, दगड रचले आणि बजावलं, ‘‘काका, महिनाभर नुसतं पाणी फिरू द्या. घाण पचवणारे जंतू तयार झाले की मगच मासे.’’ महिनाभर गहिनीनाथ रिकाम्या पाण्यापुढं बसून होते. शेजारचा भिमाजी सकाळ-संध्याकाळ डोकावायचा आणि विचारायचा, ‘‘काय गड्या, पानी कवा बाळंत व्हायचंय?’’

शेवटी मासे आले. काय तो दिवस! गर्द निळा एक, हळदीसारखा पिवळा एक, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी आणि मिशा हलवणारी एक तांबडी कोळंबी. गहिनीनाथ लहान पोरासारखे टाकीभोवती फिरत होते. रतनबाई पदराला हात पुसत आल्या, क्षणभर उभ्या राहिल्या. ‘‘पानी गढूळ दिसतंय,’’ एवढं बोलून स्वयंपाकघरात गेल्या. गहिनीनाथांचा चेहरा पार उतरला. वाळू जरा उडाली होती, तेवढंच हिला दिसलं!

आणि मग आठवड्याभरात मरणं सुरू झाली. आधी कोळंबी. मग निळा. पार्थचा विश्वासच बसेना, कारण निळा म्हणजे सगळ्यांत चिवट. पाठोपाठ पिवळाही आडवा झाला. अंगावर डाग नाही, जखम नाही. मरायच्या आधी वर येऊन नुसते तोंड उघडमीट करायचे.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. गहिनीनाथांच्या अंगात मात्र वारं शिरलं. असं कसं मरतात? कारण असणारच, आणि कारण असलं की ते सापडणारच! त्यांनी डासांची कॉईल उचलून उकिरड्यावर फेकली. उसावर औषध मारताना घातलेला सदरा घराबाहेर टांगला. हॉलमधली उदबत्ती बंद केली, यावर रतनबाई दोन दिवस फुगून होत्या. टेस्टर घेऊन टाकीला करंट येतोय का ते बघितलं. पार्थला व्हिडिओ कॉल लावून एकेक चाचणी त्याच्यासमोर केली. माशांच्या घाणीचं विष? शून्य. खारटपणा? बरोबर. पाण्याची ऊब? बरोबर.

‘‘आनि पानी तर बग लेका,’’ गहिनीनाथ मोबाईल काचेला लावून म्हणाले, ‘‘रोज आदल्या दिसापेक्षा नितळ!’’

पार्थ स्क्रीनजवळ आला. ‘‘नव्या टाकीत इतकं नितळ? काका, ती केएचची बाटली घ्या बरं.’’

केएच म्हणजे पाण्यातला तो क्षार, जो पाणी आंबट होऊ देत नाही. कुपीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. निळं पाणी पिवळं व्हायला जितके जास्त थेंब लागतील, तितका क्षार जास्त. गहिनीनाथांचं पाणी दोन-तीन थेंबांतच पिवळं पडलं. दुसऱ्या दिवशी त्याहूनही लवकर. फिल्टरमधला कापूस काढला, तर त्यावर साबुदाण्याच्या खिरीसारखा पांढरा गिलावा.

‘‘काका, हे आपोआप होत नाही,’’ पार्थ म्हणाला. ‘‘तुमच्या पाण्यात रोज काहीतरी पडतंय.’’

पडतंय! म्हणजे कुणीतरी टाकतंय! गहिनीनाथांचे डोळे लकाकले. रोज घरात येतो कोण? टाकीवर वाकून दात काढतो कोण? भिमाजी! ठिबकच्या वेळीही सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता. आता सापडला तर त्याला सोडायचं नाही, असं म्हणत गहिनीनाथांनी मिशीवरून हात फिरवला. खरं सांगायचं तर मासे मेल्याच्या दुःखापेक्षा चोर पकडायचा आनंद त्या घडीला जास्त होता.

सकाळी नेहमीसारखी दुधाची किटली मोटारसायकलला अडकवून ते डेअरीला निघाले, पण गेले नाहीत. गाडी उसाच्या कडेला लावली, बांधावरून मागं आले आणि हॉलच्या खिडकीखाली, आत डोळा लावून, दबा धरून बसले. रानडुकरांपासून उसाची राखण केलेला माणूस. श्वाससुद्धा ऐकू येऊ देत नव्हता.

भिमाजी आला! भिमाजीनं ओट्यावरून आत डोकावलं. ‘‘वैनी, हाय का आमचा दर्यासारंग?’’

‘‘न्हाईत. डेअरीला गेल्यात,’’ आतून आवाज आला.

‘‘बरं,’’ म्हणत भिमाजी तंबाखू मळत निघून गेला. टाकीकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. गहिनीनाथ इतके हिरमुसले की उठून जाणारच होते.

तेवढ्यात रतनबाई हॉलमध्ये आल्या. आधी दाराकडं बघितलं, मग टाकीजवळ स्टूल ओढलं. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात पाण्यात घातला.

‘‘आले, आले. पळू नका रे माज्या राजांनो,’’ त्या माशांशी बोलत होत्या. आवाज असा की गहिनीनाथांनी तो सुनीलच्या लहानपणी ऐकला होता. ‘‘रोज कशी घान करून ठेवता? आजून थोडं निवळू द्या, मंग बगा कसं झगझगीत दिसतंय तुमचं घर.’’

खिडकीखाली गहिनीनाथ मासे, चोर, पार्थ, सगळं विसरले. ही बघत होती! ‘आसंल की’ म्हणणारी ही बाई रोज त्यांच्यामागं इथं येऊन बसत होती! आनंदानं ते गुडघ्यांवर उठून खिडकीच्या गजांना चिकटले. आणि मग त्यांना दिसलं की रतनबाईंचा पाण्यातला हात गोल गोल फिरतोय आणि मुठीत पांढरा खडा आहे.

तुरटी!

‘‘अगं फिरवू नगस!’’ ते खिडकीतूनच ओरडले.

‘‘अगं बया!’’ रतनबाई दचकल्या आणि खडा टाकीत पडला. गहिनीनाथ धावत आत आले, बाहीसकट हात पाण्यात खुपसून त्यांनी तो बाहेर काढला.

‘‘एवढं काय झालं आरडायला?’’ रतनबाई चिडल्या. ‘‘तुरटीच हाय. पाटाचं गढूळ पानी आलं की घागरीत न्हाई का फिरवत आपन? मासं आले तवापासनं रोज फिरवते. काचंसारखं झालं का न्हाई पानी?’’

झालं होतं खरं. गहिनीनाथांनी लगेच पार्थला फोन लावला, आणि घाईत स्पीकर चालू राहिला.

‘‘तुरटी?’’ पार्थ जवळजवळ किंचाळला. ‘‘काका, तुरटी पाण्यातला सगळा क्षार खाते! आणि तिचा तो पांढरा गिलावा माशांच्या कल्ल्यांना चिकटतो. श्वासच घेता येत नाही त्यांना.’’

रतनबाईंचा ओला हात तसाच हवेत राहिला. ‘‘निळा पन त्यानंच मेला?’’

गहिनीनाथ फोन बंद करायला गेले, पण पार्थला काकूंचा चेहरा थोडाच दिसत होता! ‘‘हो ना काकू. सगळेच त्यानं गेले.’’

रतनबाई मटकन खाली बसल्या. ‘‘त्याला मी किस्ना म्हनत हुते,’’ त्या म्हणाल्या.

गहिनीनाथांनी टाकीकडं बघितलं. पट्टेवाल्या जोडीतला धाकटा पाण्यावर येऊन तोंड उघडमीट करत होता. हे दोघंही गेले तर रतनबाई या काचेसमोर परत कधी उभ्या राहणार नाहीत, हे त्यांना लख्ख कळलं.

‘‘पार्थ, बोल! काय करू?’’

‘‘कालवलेलं मीठपाणी तयार आहे?’’

‘‘पिंपभर हाय!’’

‘‘मग टाकीतलं निम्मं काढा, तेवढंच नवं भरा. आणि घरात खायचा सोडा आहे का?’’

‘‘हाय!’’ उत्तर रतनबाईंनी दिलं, आणि त्या उठल्यासुद्धा.

मग जी धांदल उडाली! गहिनीनाथांनी ठिबकची नळी टाकीत सोडून तोंडानं ओढली आणि घोटभर समुद्र पिऊन बसले. बादल्या भरल्या, बादल्या रिकाम्या झाल्या, नवी फरशी ओली चिंब झाली. रतनबाई पार्थ सांगेल तेवढाच सोडा स्टीलच्या पातेल्यात विरघळवून थोडा थोडा ओतत होत्या. थेंब इकडचा तिकडं होत नव्हता.

दुपारी धाकटा सरळ झाला. उन्हं कलली तेव्हा दोघंही खाली दगडांत हिंडायला लागले, आणि चिमूटभर खाणं टाकल्यावर धाकटा असा झडप घालून आला की गहिनीनाथांनी टाळीच वाजवली.

‘‘अगं खातोय! ये, बग!’’

रतनबाई आल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. ‘‘मी न्हाई आता तिकडं फिरकायची. माजा हात वाईट हाय.’’

‘‘त्याच हातानं उठवलास की त्याला.’’

त्यांनी मान वर केली नाही. गहिनीनाथ टाकीकडं परतले. मासे जगले होते, आणि तरी सगळं हातचं जातंय असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी भिमाजी चहाला आला. ‘‘काय गड्या, लागला का तपास? कशानं मरत हुते?’’

गहिनीनाथांनी क्षणभर विचार केला. ‘‘माजीच चूक हुती,’’ ते म्हणाले. ‘‘फवारणीचा हात न धुता—’’

‘‘खोटं नका बोलू.’’ रतनबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. ‘‘मी तुरटी फिरवत हुते, भावजी. तीन जीव माज्या हातानं गेले. मला म्हाईत नव्हतं. आता म्हाईत झालंय.’’

भिमाजीचा जबडा खाली आला. तो टाकीकडं वळला आणि माशाला बोटानं हाक मारायला वाकला.

‘‘मागं सरा!’’ रतनबाई कडाडल्या. ‘‘तंबाखूचा हात हाय तुमचा. पान्याला लागंल.’’

कप भिमाजीच्या हातात कोंबून त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या टाकी आणि भिमाजी यांच्या मधोमध, काचेकडं तोंड करून बसल्या. धाकटा पट्टेवाला पुढं आला. रतनबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. आत कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली, तरी त्या हलल्या नाहीत.

‘‘अवो,’’ काचेवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, ‘‘तेवढा कुकर बगा की जरा.’’

गहिनीनाथांनी जन्मात कधी कुकर बंद केला नव्हता. ते आनंदानं धावतच आत गेले.