सिरिल पेटिफरचं उड्डाण

"ही सडक कुणी बांधली इथे?" मिस पेटिफरनी संगणकाच्या पडद्याला नाक टेकवून विचारलं.

"धावपट्टी आहे ती," माझा नवरा रॉडनी म्हणाला.

"सिरिलच्या वेळी नव्हती. नुसतं गवत होतं. वारा असेल तिकडे तोंड करून उडायची पोरं. हे काँक्रीट नंतरचं."

रॉडनीचा चहा हातातच राहिला. मी स्वयंपाकघरात सटकले.

रॉडनी बस चालवून निवृत्त झाला. इतरांचे नवरे टोमॅटो लावतात, आमच्याकडे चाळीस सालचं युद्ध लावलेलं असतं. संगणकावर विमान उडवायच्या खेळासाठी तो जुन्या हवाई मोहिमा रचतो. कोणती तुकडी कुठे गेली, ढग किती होते, कोण परतलं, कोण नाही, सगळं खरं लागतं त्याला. हेदर्स्डनच्या तळाची मोहीम रचताना त्याला कळलं, की तिथल्या सिरिल पेटिफर या वैमानिकाची बहीण आमच्याच गावात राहते. नव्वदीला टेकलेली. तिची नजर विझत चालली होती आणि डॉक्टरांनी हिवाळ्यापर्यंतचीच आशा दाखवली होती. दिसतंय तोवर तिला भावाला एकदा उडताना बघायचं होतं. रॉडनीने तिला शब्द दिला होता.

चूक अशी, की त्याने तळाचा नंतरचा नकाशा वापरला होता. मोहिमेतलं प्रत्येक उड्डाण त्या काँक्रीटला बांधलेलं.

"पुन्हा सगळं उकरणार?" मी विचारलं. "खेळणाऱ्यांना काय कळणार आहे?"

"तिला कळलं ना."

तो हट्टाला पेटला की बैल बरा. उन्हाळाभर तो खुर्चीतून हलला नाही. आमच्या अंगणातलं गवत गुडघ्यापर्यंत आलं, हेदर्स्डनचं मात्र छान कापलेलं.

ऑक्टोबरात मिस पेटिफर पुन्हा आल्या. रॉडनीने सिरिलचं शेवटचं उड्डाण लावलं. चार विमानं गवतावरून एका ओळीत धावली आणि उचलली गेली.

"डावीकडचा तो," त्या म्हणाल्या.

समुद्रावर चकमक झाली. यात कोण पडणार ते यंत्र आपलं आपण ठरवतं, आणि त्या दिवशी कुणीच पडलं नाही. चारही विमानं घरी आली. खरं सांगते, मला फार आनंद झाला.

"असंच ठेवतो," रॉडनी म्हणाला. "आला बघा परत."

मिस पेटिफरनी मान हलवली.

"नको, बाळा. त्या दिवशी मी कुंपणाशी उभी होते, पार अंधार पडेपर्यंत. तू त्याला परत आणलंस, तर मी कुणासाठी उभी होते?"

रॉडनीने बदल केला आणि उड्डाण पुन्हा लावलं. या वेळी तीन आली. तिसरं थांबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: कामगिरी पूर्ण.

"संपलं? एवढ्यात?"

"सगळे उतरले, की यंत्र आपोआप संपवतं."

"सगळे कुठे उतरलेत?"

रॉडनीने मिस पेटिफरकडे पाहिलं. मग खाली वाकून त्याने शेवट करणारी आज्ञाच काढून टाकली आणि तिसऱ्यांदा उड्डाण लावलं. तीन विमानं उतरली, माणसं आत गेली, आणि मैदान तसंच राहिलं. तिथली संध्याकाळ हळूहळू उतरत गेली. मी ठेवलेल्या चहाला मिस पेटिफरनी हात लावला नाही.

मोहीम त्याने सगळ्यांसाठी फुकट खुली केली, आणि आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या. शेवटचं उड्डाण संपतच नाही, दोष आहे, दुरुस्त करा. रॉडनी प्रत्येकाला अदबीने कळवतो, की हा दोष नाही. ज्याला उठायचं असेल त्याने उठावं.

मिस पेटिफरना आता काही दिसत नाही. तरी रविवारी दुपारी येतात. रॉडनी उड्डाण लावतो आणि त्या पडद्यासमोर बसून राहतात.

"अजून उजेड आहे का रे?" मधूनच विचारतात.

रॉडनी त्या रिकाम्या गवताकडे बघतो.

"आहे," तो म्हणतो. "थोडा आहे."