थांबवायचं काम

अनुपमाला इंटर्नशिप मिळाली ती बटण दाबायची.

पत्रात अर्थातच तसं नव्हतं. 'स्वयंचलित यंत्रणा : उन्हाळी संशोधन, मानधनासह, फक्त महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी' असं होतं. बाळंतपणात एक वर्ष बुडवून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पुन्हा बसलेल्या अनुपमानं ते चारदा वाचलं. दोन वर्षांत तिच्या नावावर आलेलं हे पहिलं पत्र, ज्यात लसीकरणाची तारीख नव्हती.

"म्हंजे घरीच राहून करायचं ना?" सासूबाईंनी, विमलबाईंनी विचारलं.

घरीच. सुलतानपूरच्या त्यांच्या वांग्याच्या वावरात. पुण्याच्या एका संस्थेनं टेम्पोतून यंत्र धाडलं. रेडकाएवढं, चार चाकांचं, पोटाखाली खुरपं आणि वर कॅमेऱ्याचे दोन डोळे. त्यानं आपलं आपण ओळीतून चालायचं, तण ओळखायचं, काढायचं. अनुपमानं मागून चालायचं आणि धोका दिसला की हातातल्या रिमोटचं लाल बटण दाबायचं. बटण दाबलं की यंत्र थांबे, आणि तो क्षण धोक्याचा म्हणून कायमचा शिकून घेई.

आता अनुपमाला जिथं धोका दिसणार नाही, अशी जागा लोणार तालुक्यात तरी नव्हती. सव्वादोन वर्षांचा प्रेम झोपला, की ती त्याच्या नाकापुढं बोट धरून श्वास चालू आहे का बघे. द्राक्षाचे चार तुकडे करून देई, शेंगदाण्याचे आठ.

पहिल्या दिवशी तिनं बटण दोनशे बारा वेळा दाबलं. यंत्र चार मीटर चाललं.

प्रत्येक थांब्याचं कारण मोबाइलवर लिहायचं असे. तिनं प्रामाणिकपणे लिहिलं. 'कुत्रं आलं.' 'कुत्रं आलं नाही, पण येऊ शकलं असतं.' 'मामाजी खोकले.' 'बराच वेळ काहीच झालं नाही, म्हणून संशय आला.'

निंदायला येणारी बेबीताई शेजारच्या ओळीतून दोनदा जाऊन आली, तरी यंत्र त्याच झाडापाशी. "हे मशीन हाय का पाहुणा?" ती म्हणाली. "सकाळपासून उभंच हाय."

"निंदते कमी न् इचार करते जास्त," धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेले मामाजी, अनुपमाचे सासरे शेषराव, म्हणाले.

"मंग कॉलेजचंच असंन."

सोळा दिवसांनी संस्थेतून मंजुश्री मॅडमचा फोन आला. "अनुपमा, बाकीच्या मुलांची यंत्रं किलोमीटरनं चालतायत. तुमचं अठ्ठेचाळीस मीटर. त्यातलेही सहा मीटर मागं."

"पण मॅडम, अपघात एकही नाही झाला."

"उभ्या यंत्राला अपघात कसा होईल?"

मग मॅडमनी अट सांगितली. येत्या शुक्रवारी त्या स्वतः येणार. यंत्रानं साठ मीटरची एक ओळ, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, अनुपमाचा हात न लागता पुरी करायची. नाही झाली, तर तिची जागा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला.

त्या दिवशी अनुपमा जेवली नाही. विमलबाईंनी चार पोरं वाढवली होती, तीही आडाच्या काठावरच्या घरात. त्यांनी सुनेचा सराव घ्यायचं ठरवलं. प्रेम खाटेवर चढला, की अनुपमानं जागचं हलायचं नाही, तीनपर्यंत मोजायचं. प्रेम चढला. अनुपमा "एक" म्हणाली आणि प्रेम तिच्या कडेवर होता.

"एक तं म्हनली ना," शेषराव म्हणाले. "उद्या दोन म्हनंन."

शुक्रवारी सकाळी सात वाजता मंजुश्री मॅडम जीपमधून उतरल्या. हातात कागदांची चळत. त्यांनी नियम वाचून दाखवले: विद्यार्थ्यानं यंत्राला हात लावायचा नाही, ओळीतली कुठलीही वस्तू हलवायची नाही. रिमोट त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

यंत्र निघालं. सात झाडं सरळ गेलं आणि थांबलं.

"कोणी दाबलं?" मॅडमनी विचारलं.

"पर्स तं तुमच्यापाशी हाय, मॅडम," शेषराव म्हणाले आणि खोकले. निघू पाहणारं यंत्र पुन्हा थांबलं.

त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, मग चाललं. पाच झाडांनंतर फुलपाखरू आलं, यंत्र थांबलं. फुलपाखरू गेलं, तरी ते परत येतं का याची वाट बघत थांबलं. त्यानंतर बराच वेळ काहीच झालं नाही, तेव्हा तर ते दचकल्यासारखं थांबलं.

मॅडमनी सावकाश अनुपमाकडं मान वळवली. "हे तुम्ही शिकवलंत."

"आईवर गेलं," बेबीताई म्हणाली.

पण दर वेळी ते आपलं आपणच पुढं निघत होतं, आणि हात न लागता चालणं एवढंच नियमात होतं. किती वेळात, ते कोणीच लिहिलं नव्हतं. दहा वाजता मॅडमनी ओढणी डोक्यावर घेतली. साडेदहाला विमलबाईंनी दुसऱ्यांदा चहा आणला. अकराला यंत्र अठ्ठावन्न मीटरवर होतं. अनुपमा ओठ आवळून उभी होती आणि तिचा उजवा अंगठा डाव्या तळहातावर एकसारखा दाबला जात होता.

तेवढ्यात विमलबाईंच्या मांडीवरून प्रेम घसरला, तुरुतुरु गेला आणि यंत्राच्या दोन हात पुढं, ओळीच्या मधोमध बसला.

यंत्र थांबलं. खुरपं वर उचललं गेलं. अनुपमानं पाऊल टाकलं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "ओळीतली वस्तू हलवली, तर हस्तक्षेप धरावा लागतो."

"वस्तू नाही मॅडम, माझा मुलगा आहे तो!"

"मला दिसतंय हो." मॅडमनी भराभर पानं उलटली. "पण मुलाचा रकानाच नाहीये यात."

"अन् नुसतं बोललं तं चालते काय?" विमलबाईंनी विचारलं.

"बोललेलं नोंदवावं लागेल."

विमलबाईंनी तोंडावर पदर धरला. प्रेमनं मातीचं एक ढेकूळ उचललं, नीट निरखलं आणि तोंडात घातलं. अनुपमानं यंत्राकडं पाहिलं. ते दोन्ही डोळे प्रेमवर लावून उभं होतं, जरासुद्धा हलत नव्हतं. ती स्वतः उभी राहिली असती तसंच. तिनं डोळे न मिटता मोजायला घेतलं. एक. दोन. तीन होऊन गेले, ती एकोणीसवर पोचली.

प्रेमनं ढेकूळ बाहेर काढलं, यंत्राच्या टपावर ठेवलं, "घे" म्हणाला आणि उठून बेबीताईच्या डब्याकडं निघून गेला. यंत्रानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, खात्री म्हणून पुन्हा डावीकडं पाहिलं आणि उरलेले दोन मीटर पार केले.

"पास," मॅडम म्हणाल्या.

अनुपमानं ते ऐकलं, पण तोवर तिचं बोट प्रेमच्या तोंडात होतं. एक खडा निघाला.

मॅडम जवळ आल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "अनुपमा, लहान मुलासाठी इतका वेळ थांबलेलं यंत्र मी आजवर पाहिलं नाही. सोमवारपासून तुमच्या मुलाला रोज अर्धा तास ओळीत बसवा. ही माहिती कुणाकडेच नाही."

"नाही," अनुपमा म्हणाली. इतकं पटकन ती आयुष्यात कशालाच नाही म्हणाली नव्हती.

"पुढचे चार आठवडे त्यावरच अवलंबून आहेत."

"फक्त महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आहे ना मॅडम हे? त्याचं नाव अजून अंगणवाडीतही नाही."

मॅडमनी पहिलं पान काढून पाहिलं. तसंच लिहिलं होतं. नियम म्हटल्यावर त्यांचाही इलाज नव्हता. "मग बसणारा दुसरा कोणीतरी लागेल," त्या म्हणाल्या. "विद्यार्थी नको, मदतनीस म्हणून. फारसं न हलणारा."

सगळ्यांनी धुऱ्याकडं पाहिलं.

सोमवारी सकाळी वांग्याच्या ओळीत पाय फाकवून, प्रेमची कानटोपी टाळूवर अडकवून शेषराव बसले. यंत्र आलं आणि त्यांच्या खोकल्यासरशी पंधरा फुटांवरच थांबलं. अनुपमा पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी होती, तिला मामाजींना ऊन लागायची काळजी. पाऊण तास झाला, तरी यंत्र तसूभर पुढं सरकेना.

"अबे, ये ना जवळ," शेषराव त्याला म्हणाले. "मी का तुले खाऊन राह्यलो काय?"